काट्याचा फेटा

जळकोट
२८ नोव्हेंबर २०२५

शिवलीला,

आशीर्वाद आहेतच, ते वेगळे मांडून लिहीत बसत नाही. तू माझा फोन उचलत नाहीस. उचलत नाहीस म्हणजे तुझ्याकडे तो वाजतच नाही, नंबर अडवून ठेवलाय, असं मोबाइलवाल्यानं सांगितलं तेव्हा मला कळलं. म्हणजे मी सहा महिने नुसताच कानाला लावून उभा राहत होतो. म्हणून पोस्टातून पाकिटं आणली. पोस्टातला माणूस म्हणाला, "काका, एवढी पाकिटं कुनाला?" म्हटलं, मुलीला. "कुठं दिलीय?" म्हटलं, दिली नाही, गेलीय. सोलापूरला, टॉवेलच्या कारखान्यात ऑफिसात असते. तर तो हसायला लागला. सोलापूर काही विलायत नाही, एसटीनं सव्वा-दीड तास. एवढ्या अंतराला पत्र टाकणारा मी एकटाच बाप असेन.

तुझी आई तुझ्याशी बोलायला परसात जाते. अर्धा अर्धा तास बोलते, मध्येच हसते. आत आली की मी विचारतो, काय म्हणते शिवलीला? "बरी हाय म्हणती." अर्ध्या तासात एवढंच? असो.

लिहायचं कारण वेगळं आहे. वीरभद्र देवाची जत्रा यंदा १८ जानेवारीला आहे. तुझ्या वेळेनंतर बंद पडलेली सायकल शर्यत यंदा पुन्हा घ्यायची ठरलीय आणि तिनं माझं डोकं उठवलंय. ठाण्यात नव्या फौजदारबाई आल्यात. शर्यतीची परवानगी मागायला मी, शरणबसप्पाअण्णा आणि माझ्यासारखाच सायकल मिस्त्री योगीराज असे तिघं गेलो. अण्णा म्हणजे कमिटीचे अध्यक्ष, त्यामुळे ते फक्त खुर्चीत बसले. बोलायचं काम माझ्याकडे. बाईंना सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. शर्यत फाट्यापासून निघते, हायवेनं नळदुर्गच्या अलीकडच्या ढाब्याला वळसा घालून परत येते. आदल्या दिवशी सगळ्या सायकली अण्णांच्या आडतीवर वजनाच्या काट्यावर चढवतात. मडगार्ड, कॅरियर, स्टँड, घंटी, चेनकव्हर, ब्रेक, सगळं उतरवून ज्याची सायकल सर्वांत हलकी भरेल त्या मिस्त्रीला फेटा.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "ब्रेक उतरवता?"

मी म्हटलं, "व्हय मॅडम. वजन व्हतंय."

"मग सायकल थांबते कशी?"

"थांबायचंच नसतंय मॅडम," योगीराज म्हणाला, "शर्यत असती."

आपल्या गावात ही गोष्ट चाळीस वर्षं चालू आहे आणि इतक्या वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता, हे मला त्या खुर्चीत बसल्यावर कळलं. बाई म्हणाल्या, हायवे मिळणार नाही, आतल्या रस्त्यानं घ्या. प्रत्येकाला हेल्मेट हवं. सायकलस्वाराभोवती बोंबलत जाणाऱ्या मोटरसायकली बंद. आणि ब्रेकचं काय ते कमिटीनं ठरवून लेखी द्या.

मग मंगळवारी आडतीवर बैठक. नुसता गोंधळ. आतला रस्ता कशाला, त्यावर म्हशी असतात. हेल्मेट घातलं तर फेटा कुठे बांधायचा. मोटरसायकली नसल्या तर पोराला जोर कोण देणार. ब्रेक ठेवले तर काट्याला अर्थ काय. तीन तास एवढ्या चार वाक्यांवर गेले. शेवटी गिरणीवाल्या अमरनाथनं हळूच विचारलं, माझ्या समृद्धीचं नाव घ्याल का? ती रोज नळदुर्गच्या कॉलेजात सायकलनंच जाते.

अण्णा म्हणाले, "पोरीबाळींचं नाव नगं. ह्या वीरभद्राच्या पोरीचं बगितलं न्हवं? मागला ब्रेक ठिवला व्हता बापानं, तरीबी भ्याली. दाबायचंसुदिक सुचलं न्हाय."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मला नेमका तेव्हा खोकला आला. खोकला थांबेपर्यंत विषय मंडपवाल्यावर गेला होता.

गुडघ्याला थंडीत पट्टा बांधत जा.

अप्पा


१४ डिसेंबर २०२५

शिवलीला,

उत्तर आलं नाही. येईल असं मी धरलंही नव्हतं, पण पोस्टमन दिसला की उगीच दुकानातून बाहेर येतो. तो आता लांबूनच मान हलवतो.

ती समृद्धी मला वीट आणणार आहे. रोज संध्याकाळी कॉलेजातून येताना दुकानात सायकल घेऊन उभी. अण्णांनी नाव घेतलेलं नाही, तरी हिची तयारी चालू. मी म्हटलं, अगं, नाव नाही, नंबर नाही, कशाला घाम गाळतेस? तर म्हणते, "काका, म्या रोज हायवेनं जाती. ढाब्याम्होरं ट्रक उभे, उलट्या बाजूनं मोटरसायकली, मागनं कंटेनर. ही माजी रोजची शर्यतच हाय. जत्रंला निदान कुनीतरी बगंल तरी." ती रोज असं जाते आणि अमरनाथ रोज गिरणी बंद करून फाट्यावर येऊन थांबतो, हे मला इतके दिवस माहीतच नव्हतं.

परवा म्हणाली, "माजी सायकल हलकी करून द्या. पर ब्रेकला हात लावायचा न्हाय."

मी तिच्यावर केवढ्यानं तरी ओरडलो. मला शिकवू नको म्हटलं, तुझा जन्म झाला नव्हता तेव्हापासून पान्हा धरतोय. ती सायकल घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी परत आली आणि मागच्या चाकात हवा भरून मागितली. तुझ्या आईला हे सांगितलं तर म्हणाली, "तिच्यावर कशाला वरडता? ती तर हिच्यासारकंच बोलली." हिच्यासारखं म्हणजे तुझ्यासारखं. नाव घेत नाही, नुसतं हिच्यासारखं म्हणते आणि भाकरी थापत राहते.

दुसरा ताप म्हणजे रणधीर. उसाच्या ट्रॉल्या ओढतो तो, तुझ्या सायकलीचा अपघात ज्याच्या ट्रॉलीवर झाला तो. अजून तुळजापूरला कोर्टाच्या तारखा करतोय. परवा दुकानात आला. मला वाटलं भांडायला आलाय, म्हणून मी पान्हा हातात घेऊन बसलो. तर त्याला सायकलच्या मागे लावतात ते लाल चमकणारे तुकडे हवे होते, दोन्ही ट्रॉल्यांना लावायला. दुसऱ्या टोळीच्या ट्रॅक्टरांनाही लावणार म्हणाला. होते नव्हते तेवढे सगळे घेतले.

जाताना म्हणाला, "काका, लाल लायटी न्हवत्या, ही माजी चूक. पर टायर फुटल्यावर म्या मागं बाभळीची फांदी टाकली व्हती, दगडं मांडली व्हती. तुमच्या मोटरसायकलवाल्यांनी ती उडवली. तुमी बगितली व्हती फांदी."

मी म्हटलं, आठवत नाही.

शिवलीला, आठवते. रस्त्याच्या मधोमध पडली होती, चाकांखाली येऊन चपटी झालेली. तू तिच्या पलीकडे पडली होतीस.

दवाखान्यात मी जे बोललो त्याबद्दल. डॉक्टर होते, अण्णा होते, पोलीस कागद घेऊन उभे होते. तू म्हणालीस ब्रेक लागला नाही. मी म्हणालो, ब्रेक होता, पोरगी घाबरली, हिनं दाबलाच नसेल. अशा वेळी माणूस गडबडीत काहीही बोलतो. तू ते इतकं धरून बसायला नको होतंस. तीन वर्षं म्हणजे काही थोडीथोडकी झाली नाहीत.

हा एवढा मजकूर मी तुझ्या आईला वाचून दाखवला. तिनं ऐकलं आणि म्हणाली, "गडबडीत बोललात म्हंता. मग आता बोला की. आता कुटं गडबड हाय?"

अप्पा


२ जानेवारी २०२६

शिवलीला,

मागचं पत्र टाकल्याचा पश्चात्ताप होतोय. त्यात मी जे लिहिलं ते वाचून तू कागद फाडला असशील तर बरं केलंस. तीन वेळा लिहायला बसलो आणि तिन्ही वेळा कोणीतरी पंक्चर घेऊन आलं. आज दुकान बंद ठेवून लिहितोय. बाहेर लोक शटर वाजवताहेत, वाजवू देत.

त्या वर्षी काय झालं ते तुला माहीत आहे. पण मी ते माझ्या तोंडानं कधी सांगितलं नाही, म्हणून सांगतो.

त्याआधी सलग दोन वर्षं काट्याचा फेटा योगीराजला गेला होता. तू शर्यतीत उतरणार म्हणालीस, गावातली पहिली मुलगी, आणि मला वाटलं यंदा सायकलही माझी आणि फेटाही माझा. खोटं कशाला बोलू, तू जिंकावीस यापेक्षा काट्यावर योगीराजचं तोंड बघावं हे मला जास्त हवं होतं. तू म्हणाली होतीस, अप्पा, पुढचा काढा, मागला राहू द्या. मी हो म्हटलं होतं. तो ठेवूनही आपली सायकल केसभर हलकी भरली. तिथे थांबायला काय हरकत होती? पण योगीराज वाकून स्वतःच्या पायडलचे रबर काढायला लागला आणि मला धीर निघाला नाही. तिथल्या तिथे पान्हा लावला, मागचा ब्रेक सोडवला आणि सदऱ्याच्या खिशात टाकला. "हलली, दांडी हलली," असं काट्याकडे बोट करून मीच ओरडलो. तू गर्दीतून पुढे येऊन म्हणालीस, "अप्पा, मागला तरी राहू द्या की." मी म्हटलं, काटा झाला की बसवतो.

मग फेटा बांधला. हलगी लागली. देवळापर्यंत मिरवलं. घरी आल्यावरही मी फेटा उतरवला नाही, आरशासमोरून तीनदा गेलो. सदरा खुंटीला टांगला आणि ब्रेक त्याच्या खिशातच राहिला.

सकाळी फाट्यावर निशाण घेऊन अण्णा उभे होते आणि तू पायडलवर एक पाय ठेवून विचारलंस, "अप्पा, मागला ब्रेक बसिवला न्हवं?"

मी म्हणालो, "व्हय, बसिवलाय."

मी तुझं बोलणं नीट ऐकलंही नव्हतं, शिवलीला. कोणीतरी माझा फोटो काढत होतं आणि मी फेट्याचा तुरा सारखा करत होतो. तोंडानं आपोआप उत्तर दिलं. हँडलवरची ब्रेकची लिव्हर तशीच होती, मी ती काढली नव्हती, त्यामुळे तुला वरून काही कळण्यासारखं नव्हतं. तू दाबून बघितली नाहीस, कारण बापानं सांगितलं होतं.

परत येताना तुझ्याभोवती पाच-सहा मोटरसायकली होत्या, दोन्ही बाजूंनी. समोर ट्रॉली. बाजूला व्हायला जागा नव्हती. तू लिव्हर दाबलीस. नुसती वायर ओढली गेली असेल. त्या क्षणी तुला काय वाटलं असेल याचा विचार मी तीन वर्षं करायचा टाळला आणि आता करतोय तर जेवण जात नाही.

तुझे कपडे न्यायला मी दवाखान्यातून घरी आलो. खुंटीवरचा सदरा ओढला आणि ब्रेक फरशीवर पडला. तेव्हा मला कळलं. म्हणजे दवाखान्यात पहिल्यांदा बोललो तेव्हा मला खरंच वाटत होतं की बसवला असेल. पण पोलिसांना लेखी दिलं ते दुसऱ्या दिवशी. तेव्हा मला माहीत होतं. सायकल मी घाईघाईनं भंगारात का दिली, असं तू आईला विचारलं होतंस. त्याचं कारण हेच. पोरीच्या अंगावर आलेली वस्तू घरात नको, असं मी लोकांना सांगितलं आणि लोकांना ते पटलं.

ब्रेक मात्र टाकवला नाही. दुकानाच्या ड्रॉवरमध्ये पंक्चरच्या डब्याखाली आहे.

तुझा गुडघा पूर्ण वाकत नाही ते ट्रॉलीमुळे आणि माझ्यामुळे. पण तू गाव सोडलंस ते गुडघ्यामुळे नाही. दुकानासमोरून तू काठी घेऊन जायचीस आणि लोक म्हणायचे, हीच ती भ्यालेली. मी आत बसून चाकं सरळ करत असायचो. माझी चूक झाली असं लिहायला हात अडखळतोय, पण झाली. लिहून ठेवतो, म्हणजे मला नंतर फिरवता येणार नाही.

हे पत्र तुझ्या आईला वाचून दाखवलं. मला वाटलं ओरडेल. तिनं ताट वाढलं, माझ्यासमोर ठेवलं आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसली. तेव्हापासून एक शब्द नाही. आता घरातल्या दोघी जणी माझ्याशी बोलत नाहीत, एक इथे आणि एक सोलापुरात.

ब्रेक ठेवायचे का काढायचे, याचं कमिटीचं उत्तर अण्णा जत्रेच्या आदल्या दिवशी, शनिवारी, काट्यावरच लिहून देणार आहेत. उत्तर काय असणार हे सगळ्या गावाला माहीत आहे. समृद्धीचं नाव अजून घेतलेलं नाही, तुझंच उदाहरण देतात.

अप्पा


१७ जानेवारी २०२६, शनिवार

शिवलीला,

आत्ता आडतीवरून आलो. घाईत लिहितोय, अक्षराकडे बघू नकोस.

चारच्या सुमाराला काटा सुरू झाला. तोच जुना, फळी जमिनीवर आणि वर सरकतं वजन लावायची दांडी. सायकली ओळीनं उभ्या, सगळ्या सोललेल्या, एकालाही ब्रेक नाही. फौजदारबाई येऊन एका बाजूला उभ्या राहिल्या होत्या. समृद्धीही आली होती, लांब गुळाच्या ढेपांपाशी, सायकल धरून. तिच्या सायकलीला दोन्ही ब्रेक होते. पोरं तिच्याकडे बघून हसत होती.

अण्णा म्हणाले, "वीरभद्र, मागला फेटा तुजा. पयला मान तुजा. आन तुजी सायकल."

मी म्हटलं, सायकल आणली नाही. पिशवीतून तो फेटा काढून अण्णांच्या गादीवर ठेवला. मग खिशातून ब्रेक काढला आणि एकटाच फळीवर ठेवला.

लोकांना वाटलं मी काहीतरी गंमत करतोय. अण्णांनी वजन मागे सारलं, आणखी मागे सारलं, पार टोकाला नेलं. दांडी हलली नाही. अण्णांनी बोटानं टिचकी मारली. "काटा अडकला का काय?" एक ढेप ठेवून बघितली तर दांडी टाणकन वर गेली. ढेप उतरवली. परत ब्रेक ठेवला. काही नाही. जणू फळीवर काही ठेवलंच नव्हतं.

शिवलीला, त्या काट्याला तो ब्रेक कळतच नाही. पोती मोजायचा काटा तो. त्या दिवशी दांडी हलली असं मी ओरडलो होतो, ती हललीच नव्हती. ब्रेक ठेवूनही फेटा मलाच मिळाला असता.

हे मला तिथेच, सगळ्यांसमोर कळलं. मी बोलायचं ठरवून गेलो होतो, चांगली वाक्यं जुळवली होती, ती सगळी विसरलो. एवढंच म्हणालो, हा शिवलीलाच्या सायकलीचा मागचा ब्रेक आहे. मी बसवला नव्हता. तिनं विचारलं तेव्हा बसवला म्हणून सांगितलं. ती घाबरली नव्हती. तिनं दाबला होता, ब्रेकच नव्हता. पोलिसांना मी खोटं लिहून दिलं.

अण्णा उठले. त्यांचं तोंड लाल झालं होतं. "तीन वर्सं आमाला येड्यात काढलंस? जत्रंच्या आदल्या दिशी सांगतुयास?" हातातला नारळ माझ्या अंगावर मारतात की काय असं वाटलं. योगीराज मात्र ओरडला नाही. माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "फेट्याचं राहू दे रं. सोन्यासारख्या पोरीचं नाव घालिवलंस की तू." त्यानं शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

त्यानंतर अर्धा तास जो तो बोलत होता. नेहमीसारखाच गोंधळ, पण या वेळी मला त्याचा राग आला नाही. काहींचं म्हणणं मला कमिटीतून काढा. ते झालंय, मी उद्यापासून कमिटीत नाही. काहींचं म्हणणं यंदा शर्यतच नको. शेवटी योगीराजनं आपल्या सायकलीचे काढलेले ब्रेक पोत्यातून बाहेर काढले आणि तिथेच फतकल मारून बसवायला लागला. मग एकेक जण बसला. आडतीवर सगळीकडे पान्ह्यांचा आवाज. दोन्ही ब्रेक असल्याशिवाय नंबर नाही, असं अण्णांनी लिहून बाईंना दिलं. सही करताना कागद फाटेल इतकं दाबलं.

समृद्धी तिथेच उभी होती. अण्णांनी तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "काय बगतीस? नाव सांग पुरतं."

बाईंसमोर नवा जबाब दिला. रणधीरला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "फांदीचंबी सांगितलं का?" म्हटलं, सांगितलं.

तुझी आई काट्यावर आली होती हे मला नंतर कळलं. बायकांत मागे उभी होती. घरी आल्यावर म्हणाली, "पानी तापवलंय, हातपाय धुवा." पंधरा दिवसांतलं पहिलं वाक्य.

अप्पा


१८ जानेवारी २०२६, रविवार

शिवलीला,

कालचं पत्र अजून पेटीत टाकलेलं नाही, दोन्ही एकदमच टाकतो. तसाही तुला कालचा सगळा प्रकार माझं पत्र पोचण्याआधी कळलेला आहे. कसा ते मला आज सकाळी समजलं.

शर्यत आतल्या रस्त्यानं झाली, लोहाऱ्याच्या अंगानं. पहिला आला तो योगीराजचा पुतण्या. समृद्धी नववी. ती सहावी होती, पण परतीला एका वस्तीवरून म्हैस आडवी आली. हिनं ब्रेक दाबला, पाय टेकवला, म्हैस जाऊ दिली आणि मग निघाली. तेवढ्यात तिघं पुढे गेले. आल्यावर दम लागलेला असताना माझ्यावरच चिडली, "काका, म्हशी बांदायला सांगा की कमिटीला!" म्हटलं, मी कमिटीत नाही. अमरनाथ तिथेच रडत होता, त्याला काय झालं विचारलं तर म्हणाला, पीठ गेलं डोळ्यात. गिरणी दोन दिवस बंद आहे.

पण खरी गोष्ट सुरुवातीची आहे. सात वाजता सगळे रेषेवर उभे. अण्णांनी निशाण वर केलं. मी कमिटीत नसलो तरी मिस्त्री म्हणून उभा होतो, हातात पान्हा. तेवढ्यात समृद्धी सायकलवरून उतरली. सीट धरून मागचं चाक उचललं, हातानं गरकन फिरवलं आणि लिव्हर दाबली. कर्र करून चाक थांबलं. मग पुढचं उचललं.

मला राग आला. सांगतो ते खरं. आदल्या दिवशी मी स्वतः, चष्मा लावून, तिचे दोन्ही ब्रेक बघितले होते. मी म्हटलं, अगं ए, अण्णा निशाण घेऊन उभे आहेत. ब्रेक मी तपासलेत. चांगले आहेत.

तिनं मान वर न करता सांगितलं, "अक्कानं सांगितलंय, कुनालाच इचारायचं न्हाय. रेषंवर उभं राहिल्यावर आपल्या हातानं दाबून बगायचं."

"कुठली अक्का?"

"कुठली मंजी? शिवलीलाअक्का. काल सांजच्याला काकूंच्या फोनवरनं बोलली माज्यासंगं."

म्हणजे तू बोललीस. माझ्याशी नाही, तिच्याशी. आणि आईनं मला पत्ता लागू दिला नाही, परसात जाऊन समृद्धीच्या हातात फोन दिला. मी तिथे सगळ्या गावासमोर पान्हा धरून उभा. तुझं बरोबर होतं. मलाच विचारून तर सगळं झालं होतं.

तिचं बघून शेजारच्यानं सायकल उचलली. मग पलीकडच्यानं. रांगेत सगळीकडे चाकं उचलून कर्र, कर्र सुरू झालं. योगीराजच्या पुतण्याच्या मागच्या ब्रेकची वायर ढिली निघाली. पुतण्या कोणाचा, तर योगीराजचा, आणि ब्रेक त्यानं स्वतः बसवलेला! मी आवळून दिली. आणखी दोघांची रबरं चाकाला टेकतच नव्हती. फौजदारबाई एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे बघत चालल्या होत्या. अण्णांचा हात वर धरून धरून अवघडला, तेव्हा त्यांनी निशाण खांद्यावर टाकलं आणि ओट्यावर बसले. मागे हलगीवाले थांबले. लोक ओरडायला लागले, उन्हं वर आली, पाहुण्यांना परत जायचंय, काय चाललंय काय तिकडे?

अण्णांनी वैतागून मला हाक मारली. "वीरभद्र, आरं किती येळ? निशान का पडंना?"

मी म्हणालो, "जरा दमानं घ्या अण्णा. माझी मुलगी ब्रेक तपासतीय."

अप्पा